फिएरोचा उजवा डोळा उघडत नाही: हेडलाइट मोटरचे गट्टू नायलॉनचे करू की डेलरिनचे?

अक्कलकोटरोड_लेथ

नमस्कार मंडळी,

सोलापुरातून लिहितोय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं लेथचं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल, मी आणि हाताखाली दोन पोरं. गेली ३१ वर्षं यंत्रमागाचे सुटे भाग करतो. चादरीचे माग कमी झाले, टॉवेलचे वाढले, तसं कामही बदलत गेलं. मोटारगाड्यांचं काम मी कधी केलं नाही. पण सध्या एका गाडीचं मला वेड लागलंय आणि ती गाडी मी अजून हाताने शिवलेलीसुद्धा नाही.

माझा भाचा मिशिगनला असतो. शाळेच्या सुट्टीत हा पोरगा दिवस दिवस माझ्या वर्कशॉपात बसायचा, लेथखालचा पितळेचा कीस डब्यात भरून ठेवायचा. नोकरी लागून जरा स्थिरस्थावर झाल्यावर त्याने पहिली हौस केली ती म्हणजे १९८८ ची पाँटियाक कंपनीची फिएरो घेतली, फॉर्म्युला मॉडेल, २.८ लिटरचं व्ही-६ इंजिन. गाडी त्याच्यापेक्षा वयाने मोठी आहे. बहीण फोनवर म्हणाली, "दादा, तू तरी समजाव त्याला." मी समजवायला फोन केला आणि पाऊण तास गाडीबद्दलच बोलत बसलो.

कारण ही गाडी मला माहीत होती. शाळेत असताना मंगळवार पेठेत रद्दीच्या दुकानात एक इंग्रजी मासिक मिळालं होतं, त्यात तिचं चित्र होतं. पाचरीसारखं नाक, दोनच सीट, इंजिन सीटच्या मागे. तेव्हा आपल्याकडे रस्त्यावर ॲम्बेसेडर, पद्मिनी आणि नवी नवी मारुती. इंजिन मागे असलेली गाडी म्हणजे मला विमानच वाटलं होतं. ते पान बरीच वर्षं माझ्या वहीत होतं.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अमेरिकेत मोठ्या संख्येने तयार झालेली ही पहिली मिड-इंजिन गाडी. १९८४ ते १९८८, पाचच मॉडेल वर्षं निघाली. मिशिगनमधल्या पाँटियाक याच नावाच्या गावात बनायची. एकूण ३,७०,१६८ गाड्या, त्यातल्या शेवटच्या वर्षाच्या फक्त २६,४०२. सांगाडा लोखंडी पत्र्याचा, वेल्डिंगचा. वरचं सगळं अंग प्लास्टिकचं, सांगाड्यावर बसवलेलं. सांगाडा तयार झाला की तो अख्खा एका मोठ्या फिक्श्चरमध्ये, म्हणजे काम घट्ट धरून ठेवणाऱ्या साच्यात, जायचा आणि पॅनेल बसायच्या सगळ्या जागा एकाच बैठकीत मिल होऊन ड्रिल व्हायच्या. वेल्डिंगमध्ये सांगाडा जरासा वाकडा झाला तरी पॅनेल बसायच्या जागा एकमेकींशी बरोबरच. माझ्यासारख्या माणसाला यातलं मर्म लगेच कळतं. आधी जोडा, मग एका सेटिंगमध्ये मशीन करा. आम्ही मागाच्या साइड फ्रेमला तेच करतो.

आता मूळ प्रश्न. या गाडीचे हेडलाइट नाकात झाकलेले असतात. स्विच दाबला की मोटर फिरते आणि दिवे वर येतात. भाच्याच्या गाडीचा डावा वर येतो, उजवा येत नाही. मोटर मात्र आत घरघर करत फिरते. त्याचं वाक्य, "मामा, उजवा डोळा उघडंनाच झालाय." रात्री तो मोटरवरचा नॉब हाताने फिरवून दिवा वर काढतो आणि मग निघतो.

परवा व्हिडिओ कॉल लावून त्याने मोटर खोलली. त्याच्याकडे रात्र, इकडे मी दुकान उघडून नुकती उदबत्ती लावलेली. झाकण काढल्यावर आत बारीक पिवळट चुरा, ओल्या ज्वारीच्या कण्यांसारखा, ग्रीसमध्ये कालवलेला. त्याला वाटलं दात तुटले. मी म्हटलं, थांब, तो चुरा पुसून काढ आणि गिअर उजेडात धर. दात शाबूत होते. मोटरच्या शाफ्टवर वर्म, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर, तो एक प्लास्टिकचा गिअर फिरवतो. त्या गिअरच्या पोटात तीन खिसे आहेत. प्रत्येक खिशात करंगळीच्या टोकाएवढा एक भरीव प्लास्टिकचा गट्टू असायला हवा. गिअर गट्टूंना ढकलतो, गट्टू बाहेरच्या शाफ्टच्या पंखांना ढकलतात आणि दिवा वर येतो. तिन्ही गट्टूंचा वयाने भुगा झालेला. म्हणून गिअर नुसताच फिरतो आणि शाफ्टला काही लागतच नाही.

हे बघितल्यावर मला एकदम मागातला पिकर आठवला. धोट्याला, म्हणजे आडवा धागा घेऊन धावणाऱ्या भागाला, फटका मारणारा तो तुकडा. पूर्वी म्हशीच्या कातड्याचा असायचा, आता नायलॉनचा असतो. त्याचं कामच धक्का खायचं. तो मेला तर चालतो, धोटा आणि मागचा दांडा वाचला पाहिजे.

त्याने कॅलिपर लावून खिशांची मापं दिली. मी नायलॉन-६ च्या दांड्यातून एक सेट केला, डेलरिन या दुसऱ्या प्लास्टिकमधून दुसरा. दोन्ही टेबलावर आहेत. आता विचारायचं ते असं:

नायलॉन पाठवू की डेलरिन? मिशिगनच्या थंडीत कोणता टिकेल? खिशात बसताना घट्ट ठेवू की सैल? आणि अशा गाडीत पुढे काय काय निघतं, काय आधीच बघून ठेवावं? ज्यांनी अमेरिकन गाड्यांवर हात काळे केले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

जुळेसोलापूर_टर्बो

काका, पोस्ट वाचून मजा आली. मला एक खरंच विचारायचंय. सुरुवातीच्या चार सिलिंडरच्या फिएरोला ९२ हॉर्सपॉवर होती म्हणे. आज आपल्याकडच्या हॅचबॅक तेवढी देतात. मग लोक एवढा जीव का टाकतात? आणि ही गाडी पुढे सोलापुरात आणता येईल का? विजापूर रोडला सकाळी सहाला एक चक्कर मारली तरी गाव गोळा होईल.

शुवैखचा_मिस्त्री

लेथवाले मालक, नमस्कार. मीही सोलापूरचाच, बुधवार पेठेतला. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि उमेदीची सगळी वर्षं गॅरेजमध्ये मोडकी अरबी. १९८३ ला कुवेतला गेलो. शुवैख म्हणजे तिथली गॅरेजांची वस्ती, आपल्या भंगार बाजाराला पन्नासने गुणा. तिथे अमेरिकन गाड्याच जास्त. कॅप्रिस, कमॅरो, ट्रान्स ॲम, कॉर्वेट. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा घुसल्या तेव्हा वाळवंटातून अम्मान गाठलं आणि एअर इंडियाच्या विमानाने अंगावरच्या कपड्यानिशी परत आलो. हत्यारांची पेटी तिथेच राहिली. ९२ ला परत गेलो आणि २००५ पर्यंत राहिलो. त्यामुळे तुमच्या प्रश्नाने जुने दिवस समोर उभे राहिले.

ही गट्टूवाली मोटर १९८७ आणि ८८ च्या फिएरोत आहे, तशाच बांधणीची त्या काळच्या फायरबर्डमध्ये आणि कॉर्वेटमध्येही आहे. आधीच्या वर्षांची मोटर वेगळी, म्हणून भाच्याला सांगा की इंटरनेटवर काही वाचताना वर्ष बघून वाच. तिकडच्या उन्हात हे गट्टू लवकर जायचे. ९७-९८ च्या सुमारास महिन्याला दोन-तीन ट्रान्स ॲम, म्हणजे फायरबर्डचंच एक मॉडेल, यायच्या, एक डोळा मिटलेला.

एक गोष्ट काळजीपूर्वक वाचा, कारण ती मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. पहिल्यांदा मला वाटलं की प्लास्टिकचा भुगा झालाय, तर पितळेचे करू, जन्माचं काम होईल. केले. सुंदर बसले. गिऱ्हाईक खूश, मीही खूश. दोन महिन्यांनी तीच गाडी परत. गट्टू जसेच्या तसे, गिअरचे चार दात साफ. दिवा वर जाऊन अडतो तेव्हा मोटर लगेच थांबत नाही. मॉड्यूलला, म्हणजे मोटर चालवणाऱ्या कंट्रोल डबीला, करंट वाढलेला कळतो, मग ते वीज तोडतं. त्या मधल्या क्षणाचा धक्का कुणीतरी खायलाच हवा. मी गट्टूला खाऊ दिला नाही, तर तो दातांनी खाल्ला. त्या माणसाला गिअर मी माझ्या खिशातून भरून दिला. त्यानंतर मी नायलॉनच्या जाड बोल्टचे तुकडे कापून बसवायचो. त्यातली एक गाडी मी परत यायच्या वर्षीसुद्धा दोन्ही डोळे उघडत होती.

अजून एक. दिवा नेहमी वरच्या आणि खालच्या त्याच दोन टोकांना अडतो, त्यामुळे गिअरचे ठरावीक दातच झिजतात. खिसे तीन आहेत, म्हणजे गिअर शाफ्टवर एक तृतीयांश फिरवून बसवता येतो. कोरे दात वर्मसमोर येतात. खोललंच आहे तर हे करूनच झाकण लावायचं. जुनं ग्रीस पूर्ण काढा, त्या चुऱ्याचा एक कणही ठेवू नका. नवं ग्रीस प्लास्टिकला चालणारं हवं. आणि हात घालण्याआधी बॅटरीची तार काढायची. दिवा खाली येताना बोट सापडलं तर काय होतं ते मी माझ्या हेल्परचं बघितलंय.

आता पुढे काय बघावं. फिएरो माझ्या हाताखालून दोनच गेल्या, पण त्यांनी पुष्कळ शिकवलं. इंजिन मागे, रेडिएटर पुढे. पाणी मागून पुढे नेणाऱ्या दोन लांब नळ्या गाडीच्या दोन्ही कडांना, दाराखालून जातात. साधी गाडी उचलतात तसा कडेला जॅक लावला की नळी चेपली जाते. वरून काही दिसत नाही. मग माणूस थर्मोस्टॅट बदलतो, वॉटर पंप बदलतो, रेडिएटर बदलतो आणि गाडी गरम होतच राहते. आमच्याकडे आलेली पहिली फिएरो तीन गॅरेज फिरून आली होती. मी खाली झोपून नळीवर हात फिरवला तेव्हा चपाती झालेली लागली. भाच्याला आजच सांगा: जॅक कुठे लावायचा ते पुस्तकात बघूनच लावायचा आणि टायरच्या दुकानात गाडी सोडून चहाला जायचं नाही.

पाणी भरायचीही रीत आहे. नुसतं पुढून भरलं तर मधे हवा अडकते. मागे इंजिनपाशी थर्मोस्टॅटच्या घरातून भरायचं आणि हवा पूर्ण निघेपर्यंत धीर धरायचा.

हत्यारं तीन जातींची ठेवायला सांगा. त्या वर्षांतल्या गाड्यांत मिलिमीटरचा बोल्ट निघतो, पलीकडचा इंचाचा निघतो आणि मधेच चांदणीसारख्या तोंडाचा टॉर्क्स. अंदाजाने पाना लावला तर डोकं गोल.

आगीच्या गोष्टी त्याने वाचल्या असतीलच. त्या मुख्यतः १९८४ च्या, चार सिलिंडरवाल्या गाड्यांच्या. काही कनेक्टिंग रॉड ओतकामात कच्चे निघाले, त्यात इंजिनात तेल कमी मावायचं. तेल खाली गेलं की रॉड तुटायचा, ब्लॉक फोडून बाहेर यायचा आणि तेल तापलेल्या एक्झॉस्टवर. गाड्या परत बोलावून दुरुस्त केल्या गेल्या. तुमची ८८ ची व्ही-६ आहे, तिला हा दोष नाही. तरी दर आठवड्याला तेल बघायची सवय लावून घेऊ दे.

जुळे सोलापूरच्या पोरा, तुझं उत्तर. हॉर्सपॉवर कागदावर असते. १९८४ च्या कॉर्वेटला मोठं ५.७ लिटरचं व्ही-८ असून २०५ च हॉर्सपॉवर होती, कारण तेव्हाचे धुराचे नियम आणि बाल्यावस्थेतलं फ्युएल इंजेक्शन. तरी त्या गाडीचं पुढचं बॉनेट उघडायचास ना, तर मडगार्डांसकट अख्खं नाक पुढे कलायचं आणि पुढची चाकं, सस्पेन्शन, इंजिन सगळं समोर. तिला चार गिअरची एक पेटी होती, वरच्या तीन गिअरना मागे वेगळी ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या कमी ठेवणारी पेटी, जोडलेली, 'फोर प्लस थ्री' म्हणायचे. कुवेतच्या ट्रॅफिकमध्ये ती मधेच आपल्या मनाने ओव्हरड्राइव्हला जायची आणि मालक वैतागायचे. मला ती गाडी आवडायची. कुणीतरी काहीतरी नवीन करून बघितलंय हे तिच्यात हात घातला की कळायचं.

होटगीरोड_ते_ओहायो

नमस्कार दादा, नमस्कार मिस्त्रीकाका. काका, पितळेची गोष्ट सांगितलीत ते फार बरं केलंत, मी तेच लिहायला आले होते.

मी मूळची होटगी रोडची, आता ओहायोत असते. काम प्लास्टिकच्या मटेरियल तपासणीचं. आमच्या घरी १९९४ ची कॉर्वेट आहे, त्यामुळे तुमच्या प्रश्नाची दोन्ही टोकं माझ्या ओळखीची.

दादा, डेलरिन पाठवा. नायलॉन-६ हवेतला ओलावा पितो. साधारण दमट हवेत वजनाच्या अडीच-तीन टक्के, पाण्यात पूर्ण भिजला तर नऊ टक्क्यांच्या आसपास. तो फुगतो आणि मऊही पडतो. सोलापुरात मे महिन्यात ४३ डिग्रीला, कोरड्या हवेत तुम्ही माप धरून वळलेला नायलॉन इथल्या पावसाळी उन्हाळ्यात खिशात घट्ट होईल. डेलरिन, म्हणजे ॲसिटल, त्या मानाने ओलावा घेतच नाही म्हटलं तरी चालेल, चोवीस तासांत पाव टक्क्याच्या आत. थंडीतही ठिसूळ होत नाही. मिस्त्रीकाकांचा नायलॉन कुवेतमध्ये टिकला तो तिथल्या हवेमुळे, आणि बोल्टचे तुकडे खिशात सैल बसत असणार म्हणूनही.

तरी एक प्रयोग करून बघा. डेलरिन कडक आहे, गादी कमी देतो. पॉलियुरेथेनचा दांडा मिळाला तर त्याचाही एक सेट करा, पण पॉलिइथर जातीचा मागा. पॉलिएस्टर जातीचा युरेथेन ओलाव्याने वर्षानुवर्षांत आतून सुटत जातो. तुमच्या हातात जो पिवळट चुरा आला तसाच पुन्हा येईल. काटकोनातल्या कडा ठेवू नका, दोन्ही तोंडांना छोटा चॅम्फर, म्हणजे तिरका उतार, द्या, तडे तिथून सुरू होतात.

गंजाबद्दल. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. फिएरोचं अंग प्लास्टिकचं असल्यामुळे ती चाळीस वर्षांनीही वरून नवरीसारखी दिसते आणि आत सांगाडा खाल्लेला असतो. बॅटरीच्या तळाची जागा, मागच्या डिकीचे कोपरे आणि त्याखालचे फ्रेमचे भाग हातोडीच्या दांड्याने वाजवून बघायला सांगा. भरीव आवाज आला तर ठीक. आणि १९८८ ची गाडी आहे म्हणून खास सांगते: त्या एका वर्षासाठी सस्पेन्शन नव्याने केलं होतं. आधीच्या चार वर्षांत पुढचं शेव्हेट या छोट्या गाडीचं आणि मागचं एका फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीचं पुढचं युनिट उचलून मागे लावलेलं. ८८ ला सगळं बदललं, गाडी जमिनीला चिकटून चालायला लागली आणि त्याच वर्षी ती बंद झाली. म्हणून लोक ८८ शोधतात. पण त्या वर्षाचे पुढच्या चाकांचे हब-बेअरिंग दुसऱ्या कशालाच बसत नाहीत आणि नवे मिळणं कठीण. कुठे चांगले दिसले तर भाच्याने घेऊन ठेवावेत, आज गरज नसली तरी.

आमच्या कॉर्वेटचंही एक सांगते, कारण ही जिवंत माणसासारखी खोड आहे. तिचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटून देणारा भाग, ऑप्टिस्पार्क म्हणतात त्याला, इंजिनाच्या तोंडाशी बरोबर वॉटर पंपाखाली बसवलाय. पंप म्हातारा झाला की ठिबकतो आणि ठिबकतो तो नेमका डिस्ट्रिब्युटरवर. दोन वर्षांपूर्वी मी माझ्या मुलीला शाळेतून आणायला निघाले आणि पावसात गाडी खोकत खोकत थांबली. आता मी पंपाचं सील दर सर्व्हिसला आरशाने बघते.

लोकांना या गाड्या आता का आवडायला लागल्या, तर माझ्या डोळ्यांसमोरचं सांगते. पूर्वी इथल्या मेळाव्यांत साठ-सत्तरच्या दशकातल्या गाड्या असायच्या, शेजारी खुर्ची टाकून बसलेले आजोबा. २०१७ पासून कॅलिफोर्नियात सुरू झालेला रॅडवूड नावाचा मेळावा फक्त ऐंशी-नव्वदच्या गाड्यांचा, लोक कपडेही त्या काळाचे घालून येतात. आता आमच्या गावच्या रविवारच्या मेळाव्यातही फिएरो, थंडरबर्ड टर्बो कूप, प्रोब, रिअॅटा येतात. बुइक रिअॅटाच्या १९८८-८९ च्या डॅशबोर्डवर टचस्क्रीन होती, हिरव्या काचेच्या पडद्याची! पंचविशीतली मुलं ती बोटाने दाबून बघायला रांग लावतात. आणि फोर्ड प्रोब तर मस्टँगची जागा घ्यायला निघाली होती. मस्टँगच्या चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला, मग ती वेगळ्या नावाने आली. तिच्याकडे इतकी वर्षं कुणी ढुंकून बघितलं नाही. परवा एका मुलाने तिचा पॉप-अप दिवा वर-खाली करून दाखवला तेव्हा आजूबाजूच्या लहान पोरांनी टाळ्या वाजवल्या. आता असे दिवे कोणत्याच नव्या गाडीत येत नाहीत.

अक्कलकोटरोड_लेथ

ताई, मिस्त्रीकाका, दोघांचे मनापासून आभार. काका, बुधवार पेठेत म्हणजे आपण सायकलच्या अंतरावर आहोत. या शनिवारी दुकानावर या, चहा माझ्याकडे.

जॅकचं वाचल्या वाचल्या भाच्याला फोन लावला. त्याच्याकडे पहाटेचे चार वाजले होते, पण मला राहवेना. त्याने उठून टॉर्च घेऊन गाडीखाली बघितलं. डावी नळी ठीक, उजवीला एक चेप आहे, फार खोल नाही. गाडी अजून गरम होत नाही. पण ते ठिकाण आता माहीत झालं.

जुळे सोलापूरच्या मित्रा, गाडी इकडे आणायचं मनातून काढ. आपल्याकडे विंटेज म्हणून नोंदणीचा २०२१ चा नियम ५० वर्षांच्या वरच्या गाडीला लागू होतो. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि रोजच्या वापराला ती चालवता येत नाही. १९८८ ची गाडी पन्नाशीला पोचेल २०३८ ला. तिचं स्टिअरिंगही डावीकडे. मी त्यापेक्षा तिकीट काढून तिकडे जाईन.

ताई, तुम्ही सांगितलं तसे डेलरिनचे दोन सेट पुन्हा वळले, चॅम्फर देऊन, खिशापेक्षा पाव मिलिमीटर बारीक. पॉलियुरेथेन चाटी गल्लीत मिळेल असं कुणी म्हणालं, तिथे नाही मिळालं. शेवटी आमच्या एमआयडीसीतच रोलरला रबर चढवणाऱ्या एकाकडे पॉलिइथर जातीचा तुकडा निघाला. तो वळणं म्हणजे परीक्षा. टूल टेकवलं की मटेरियल मागे सरकतं, टूल काढलं की पुन्हा पुढे येतं, माप हातात राहतच नाही. माझ्या थोरल्या कारागिराने युक्ती काढली. तुकडा रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला, सकाळी चकमध्ये धरला आणि धारदार टूलने भराभर वळला. मऊ पडायच्या आत तीन निघाले.

अक्कलकोटरोड_लेथ

मंडळी, उशिरा लिहितोय, पण लिहायलाच हवं.

शेजारची मुलगी शिकायला अमेरिकेला निघाली होती. तिच्या बॅगेत शेंगा चटणीच्या डब्याशेजारी एका छोट्या डबीत नऊ गट्टू गेले, सहा पांढरे डेलरिनचे, तीन पिवळसर युरेथेनचे. भाच्याने तिच्या कॉलेजवर जाऊन घेतले.

रविवारी सकाळी साडेसहाला, त्याची शनिवारची रात्र नऊची, व्हिडिओ लावला. मिस्त्रीकाका माझ्या शेजारी स्टुलावर बसलेले, चष्मा पुसत. उजव्या मोटरमध्ये डेलरिन बसवले. काकांनी सांगितल्याप्रमाणे गिअर एक तृतीयांश फिरवून. काका मोबाइलच्या जवळ तोंड नेऊन सांगत होते, "घाई नको रे बाबा, तिन्ही पंख खिशात आले का बघ. आता झाकण." मग डावी मोटरही खोलली. वर येत होती खरी, पण तिचे गट्टू बोटाने दाबल्यावर चुरले. तिच्यात युरेथेन टाकले.

बॅटरीची तार लावली. स्विच दाबला. दोन्ही दिवे एकदम वर आले. भाचा काही बोललाच नाही, नुसता खाली-वर, खाली-वर करत राहिला. काका म्हणाले, "पुरे, मोटरला दम खाऊ दे."

कान देऊन ऐकलं तर फरक कळतो. डेलरिनची बाजू वर टेकते आणि लगेच गप्प होते. युरेथेनच्या बाजूला मोटर टेकल्यावरही थोडा वेळ गुणगुणते, गादी दाबली जाते तोवर. काकांचं मत, ते गुणगुणणं मोटरला बरं नाही. ताईंचं मत, हिवाळ्यात युरेथेन कडक होऊन आपोआप कमी होईल. मी भाच्याला जानेवारीत ऐकवायला सांगितलंय, तोपर्यंत डावी तशीच ठेवतोय. तिचा डेलरिनचा सेट त्याच्याकडे आहेच.

पुढचं काम उजव्या नळीचं. त्याने चेपलेल्या जागेचा बाहेरचा व्यास आणि लांबी मोजून पाठवलीय. काका म्हणतात गरम न करता आतून गोळा ओढून चेप काढता येईल, कुवेतला त्यांनी काढला होता. उद्या आम्ही तेवढ्याच व्यासाची एक नळी मुद्दाम चेपून दुकानात करून बघणार आहोत. गोळा मी ईएन-८ पोलादातून वळलाय, पॉलिश करून ठेवलाय.